टाकीच्या तळाशी

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुनी मोटार चालते. ती किती काळ सुखरूप चालेल, हे मात्र तीन गोष्टींवर ठरते: गाडीतले रबर कोणते, टाकीत पाणी किती आणि गाडी किती दिवस जागची हलत नाही. अलिबागपासून मुरुड, श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. नारळी-पोफळीच्या वाडीत शेडखाली उभी असलेली प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरची मारुती ८०० गणपतीला, दिवाळीला आणि मे महिन्यात बाहेर निघते. एरवी तिच्या वाट्याला चार महिने पाऊस आणि बारा महिने खारा वारा.

देशात अशा मिश्रणाचे प्रयोग २००१ मध्ये सुरू झाले; त्यांतली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. २००३ पासून काही राज्यांत पाच टक्के इथेनॉल आले, २०२२ मध्ये देशाची सरासरी दहा टक्क्यांवर पोहोचली, फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचे ‘ई-२०’ विक्रीला आले आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांचे भाग ई-२० सोसतील असेच बनतात. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय मिळावा, ही मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळली.

आधी ज्वलनाचे पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला फक्त ९ किलो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर हा फरक बऱ्यापैकी सांभाळून घेतो. कार्ब्युरेटरचे जेट मात्र निव्वळ पेट्रोलसाठी आखलेले असते. ई-२० वर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडते. सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, पिकअप कमी होतो, चढावर ती अडखळते. इथेनॉलमधली ऊर्जाही पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. निव्वळ पेट्रोलसाठी बनवून ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकीचे अ‍ॅव्हरेज ई-२० वर सहा-सात टक्क्यांनी घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात आहे. हे नुकसान खिशाचे झाले.

जिवाशी गाठ आहे ती रबराची. जुन्या गाड्यांतल्या पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा डायफ्राम आणि बुचाची गॅस्केट इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात आणि सुकल्यावर तडकतात. गरम इंजिनावर पेट्रोल पाझरले तर आग लागू शकते. काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या वाडीतल्या गाडीला हे माप लागू करणे चुकीचे आहे. तेवढे अंतर कापायला तिला दहा वर्षे लागतील, आणि रबर त्याआधीच म्हातारे होईल. तिच्या नळ्या वर्षे मोजूनच बदलायला हव्यात.

सगळ्यात विलक्षण गोष्ट घडते ती पाण्याची. निव्वळ पेट्रोल पाण्याला जवळजवळ थारा देत नाही. थेंब पडला की तो तळाशी जाऊन बसतो. इथेनॉल पाण्याला कवेत घेते. दहा टक्के मिश्रणात साधारण अर्धा टक्का पाणी विरघळून राहते, म्हणजे चाळीस लिटरच्या टाकीत पेलाभर. ई-२० मध्ये त्याहून जास्त. एवढे पाणी पेट्रोलबरोबर इंजिनात जाते आणि वाफ होऊन निघून जाते. दमट हवेनेच टाकी बिघडते, ही भीती म्हणूनच अवाजवी आहे. खरे पाणी येते ते झाकणाच्या कुजलेल्या वायसरमधून, पावसाचे.

मर्यादा ओलांडली की काय होते, ते काचेच्या मोजपात्रात दिसते. ९० मिलिलिटर ई-२० मध्ये १० मिलिलिटर पाणी घालून हलवले आणि पात्र स्थिर ठेवले, की दोन थर सुटे होतात. खालचा थर १० चा राहत नाही, २५ च्या पुढे जातो. पाण्याने पेट्रोलमधले इथेनॉल ओढून घेतलेले असते. टाकीतही हेच घडते. पेट्रोल उचलणारी नळी तळाजवळ असल्यामुळे इंजिनाला आधी हा पाणचट थर मिळतो, आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरलेला असतो.

या थरातून वीज वाहते. निव्वळ पेट्रोल विजेला जवळपास अटकाव करते. पाणी, इथेनॉल आणि चिमूटभर मीठ एकत्र आले की पितळी जेट आणि कार्ब्युरेटरची जस्तमिश्रित धातूची वाटी यांच्यात छोटी बॅटरीच तयार होते. त्यात जस्त झिजते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीचा कार्ब्युरेटर उघडला की वाटीत पांढरट भुकटी आणि जेटच्या केसाएवढ्या भोकात बसलेला तिचा कण दिसतो. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल साचून राहत नाही, म्हणून तिला हा धोका कमी.

कुठला पदार्थ कुठे वापरावा, याचा उत्तम धडा अलिबागेतच उभा आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये इथे हलवली गेली. लोखंडाने नोंदी बिघडतात, म्हणून इमारत पोरबंदरी दगडाची बांधली आणि तिच्यात लोखंड टाळले. आधी परिसराचा विचार, मग साहित्याची निवड. ब्राझीलमध्ये आज पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल असते, पण तिथल्या गाड्या १९७९ पासून त्याच दृष्टीने बनत आल्या.

जुन्या गाडीला तो विचार मागाहून लावता येतो. सर्व नळ्या आणि डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, नळ्यांसाठी शक्यतो विटॉनचे, घ्यावेत. इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवते, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदलावा. गरज वाटल्यास मेकॅनिककडून जेट किंचित मोठे करून घ्यावे. झाकणाचा वायसर दरवर्षी नवा हवा. गाडी महिन्याहून अधिक काळ उभी राहणार असेल, तर वाटी रिकामी करावी.

मृग लागण्याआधी टाकीच्या तळाचा बोल्ट सैल करून, उघड्यावर आणि आगीपासून दूर, पेलाभर पेट्रोल काचेच्या बरणीत काढावे. ते एकसंध, नितळ दिसले तर टाकी बहुधा ठीक आहे. मध्ये रेघ दिसली, तर सगळी टाकी उपसावी.