मराठी चित्रपटातील उपवर मुलगी : दृष्टीचा प्रश्न

चित्रपटातील तरुण मुलीच्या चित्रणाचा विचार करताना ती सोशिक आहे की बंडखोर, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. त्याहून मूलगामी प्रश्न असा की, त्या कथेत पाहणारे कोण आणि पाहिली जाणारी कोण?

व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’मधील (१९३७) नीरा फसवणुकीने एका वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली जाते. त्याला पती मानण्यास ती ठामपणे नकार देते. परंतु कथेचा पेच सुटतो तो पतीच्या आत्महत्येने. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) शालू आपल्याला दिसते ती बहुतांशी जब्याच्या नजरेतून, तिचे मन अज्ञातच राहते. त्यांच्याच ‘सैराट’मध्ये (२०१६) मात्र आर्ची स्वतः परश्याकडे रोखून पाहते, बुलेट चालवते. या पाहण्याची किंमत अखेर तिला प्राणांनी मोजावी लागते.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा ‘स्थळ’ (२०२३) या प्रश्नालाच विषय करतो. विदर्भातील कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची महाविद्यालयीन मुलगी सविता ही त्याची नायिका. आरंभीच्या स्वप्नदृश्यात स्त्रिया वराची परीक्षा घेतात. प्रत्यक्षात मात्र नाव, शिक्षण, उंची, आवड हेच प्रश्न पुनःपुन्हा तिला विचारले जातात. ही पुनरुक्ती हेतुपूर्वक योजलेली आहे. प्रेक्षकालाही त्या बैठकीत अवघडून बसावे लागते. वर्गात स्त्री-सक्षमीकरणाचा पाठ ऐकणाऱ्या मुलीचे शिक्षण बैठकीत केवळ एक उत्तर होऊन राहते.

ब्रिटिश चित्रपटाशी तुलना येथे उद्बोधक ठरते. अँड्रिया अर्नोल्ड यांच्या ‘फिश टँक’मध्ये (२००९) कॅमेरा पंधरा वर्षांच्या मियाच्या पाठोपाठ फिरतो. तिची व्यथा आधार देणारे कोणी नसण्याची आहे. सविताची व्यथा सर्वांनी मिळून निर्णय घेण्याची आहे. एकीकडे उपेक्षा, तर दुसरीकडे अखंड निरीक्षण.

भंडारा हा धानाचा जिल्हा. सविताच्या घरी कापूस. पीक बदलले तरी मुलगी पाहण्याची ती बैठक येथील प्रेक्षकाला अपरिचित वाटणार नाही. म्हणून अशा चित्रपटाचा अभ्यास हा केवळ कलासमीक्षेचा भाग नव्हे. आपल्याच वर्गातील कोणी विद्यार्थिनी अशा बैठकीला सामोरी जात असेल, तर आपण तिला दिलेल्या पदवीचा तेथे अर्थ काय, हा प्रश्न अध्यापकांनाही टाळता येणार नाही.