आजचा तरुण मागील पिढ्यांपेक्षा आर्थिकदृष्ट्या मागे पडला आहे काय? : महाराष्ट्राच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

"आमच्या वेळी असे नव्हते" हे वाक्य महाराष्ट्रातील बहुतेक घरांत दोन परस्परविरुद्ध अर्थांनी ऐकावयास मिळते. आजोबा सांगतात की, त्यांनी अनवाणी शाळा गाठली, दुष्काळात खडी फोडली. आजच्या मुलांना कशाचीच उणीव नाही. नातू उत्तर देतो की, आजोबांना मॅट्रिक होताच नोकरी लागली. त्याला मात्र पदव्युत्तर पदवी आणि सेट परीक्षा उत्तीर्ण होऊनही ती मिळत नाही. ही दोन्ही विधाने खरी आहेत. मग या दोन पिढ्यांपैकी आर्थिकदृष्ट्या अधिक सुस्थितीत कोण, हा प्रश्न उरतोच. हा प्रश्न केवळ घरगुती वादाचा नाही. शिक्षण, रोजगार आणि सामाजिक सुरक्षिततेविषयीची शासकीय धोरणे त्याच्या उत्तरावर अवलंबून असतात. म्हणूनच त्याचा भावनेच्या पलीकडे जाऊन विचार होणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे :

१) पिढ्यांच्या आर्थिक स्थितीची तुलना कोणत्या निकषांवर करावी, हे स्पष्ट करणे.
२) महाराष्ट्रातील तीन पिढ्यांच्या स्थितीतील साम्य-भेद पाहणे.
३) आजच्या तरुणांच्या असमाधानामागील आर्थिक कारणांचा शोध घेणे.

तुलनेची चौकट :

प्रस्तुत विवेचनात पहिली पिढी म्हणजे साधारणतः १९४५ ते १९५५ या काळात जन्मलेली व १९६५ ते १९७५ च्या सुमारास कमावती झालेली पिढी होय. दुसरी पिढी १९७० ते १९८० या काळात जन्मलेली असून ती १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर श्रमबाजारात आली. तिसरी पिढी १९९५ ते २००५ या काळात जन्मलेली, म्हणजे आजची तरुण पिढी होय. तुलनेसाठी राहणीमान, मालमत्ता आणि सुरक्षितता हे तीन निकष घेतले आहेत. यांपैकी एकाच निकषावर निर्णय दिल्यास तो एकांगी ठरण्याची शक्यता अधिक असते.

राहणीमान : निर्विवाद प्रगती

राहणीमानाच्या निकषावर तिसरी पिढी पहिल्या पिढीपेक्षा पुष्कळच पुढे आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी शेतकरी व शेतमजूर खडी फोडण्याच्या आणि तलाव-रस्त्यांच्या कामावर होते. मिलो आणि सुकडी यांच्या आठवणी आजही ग्रामीण भागात सांगितल्या जातात. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजनेला व्यापक रूप मिळाले आणि १९७७ च्या कायद्याने तिला वैधानिक आधार प्राप्त झाला. आजच्या तरुणाने अशा प्रकारची व्यापक अन्नटंचाई अनुभवलेली नाही.

देशपातळीवरील आकडेवारीही हेच दर्शविते. १९७१ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे १२९ बालके वर्षाच्या आत दगावत असत. २०२० मध्ये हे प्रमाण २८ पर्यंत खाली आले. तेंडुलकर समितीच्या पद्धतीनुसार दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्येचे प्रमाण १९९३-९४ मध्ये ४५.३ टक्के होते, ते २०११-१२ मध्ये २१.९ टक्के झाले. ग्रामीण कुटुंबाच्या एकूण उपभोग खर्चात अन्नावरील खर्चाचा वाटा १९९९-२००० मध्ये सुमारे ५९ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये सुमारे ४७ टक्क्यांवर आला. कुटुंबाचे उत्पन्न वाढते तेव्हा अन्नावरील खर्चाचे प्रमाण घटते, हा अर्थशास्त्रातील सुपरिचित नियम होय. यावरून सरासरी कुटुंबाची क्रयशक्ती वाढली आहे, असे निश्चितपणे म्हणता येते.

'सुवर्णकाळ' नेमका कोणाचा?

मागील पिढीच्या स्थैर्याचे जे चित्र रंगविले जाते, ते प्रामुख्याने संघटित क्षेत्रातील नोकरदारांचे असते. गिरणी, रेल्वे, बँक, शाळा वा सरकारी कार्यालय येथे कायम झालेल्या माणसास भविष्य निर्वाह निधी, उपदान आणि अनेक ठिकाणी निवृत्तिवेतन यांचा आधार होता. परंतु संघटित क्षेत्रातील श्रमिकांचे देशातील प्रमाण त्या काळातही एकूण श्रमिकांच्या सुमारे दहाव्या भागाहून अधिक नव्हते. उर्वरित बहुसंख्य लोक शेती, शेतमजुरी व किरकोळ व्यवसायांवर जगत होते.

या मर्यादित वर्तुळातही सर्वांना समान प्रवेश नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना दीर्घकाळ घेतले जात नसे. धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, या सबबीवर हा भेद पाळला जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. स्त्री कामगारांची गिरण्यांतील संख्याही पुढील काळात घटत गेली. गिरणगावात कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत व खानावळीत जेवत, हेही विसरता येत नाही.

शिवाय हे स्थैर्य वाटते तितके अभेद्य नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. त्यांपैकी हजारो कामगार पुन्हा कामावर परतू शकले नाहीत. दुसऱ्या पिढीच्या अनेक मुलांनी वडिलांची 'कायम' नोकरी डोळ्यांदेखत जाताना पाहिली. म्हणून दलित, भूमिहीन आणि स्त्रिया यांच्या दृष्टीने मागील काळास सुवर्णकाळ म्हणणे वस्तुस्थितीस धरून होणार नाही.

पदवीचे घटते मोल :

राहणीमान सुधारूनही तरुणांत असमाधान का आहे, याचे पहिले उत्तर शिक्षण व रोजगार यांच्या बदललेल्या नात्यात आढळते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ मध्ये देशातील पदवीधर तरुणांतील बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. निरक्षर तरुणांत ते केवळ ३.४ टक्के होते. निरक्षर तरुणास कामाशिवाय राहणे परवडत नाही, हे या तफावतीचे एक कारण होय. दुसरे कारण असे की, शिक्षणाने निर्माण केलेल्या अपेक्षेस अनुरूप नोकऱ्या निर्माण झालेल्या नाहीत.

शासकीय नोकरभरतीतून ही कोंडी स्पष्टपणे दिसते. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांहून अधिक जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज दाखल झाले. एकाच उमेदवाराचे अनेक अर्ज असू शकतात, हे लक्षात घेतले तरी मागणी व पुरवठा यांतील अंतर फार मोठे राहते. पुण्यातील अभ्यासिकांत वयाची पंचविशी-तिशी खर्ची घालणारे तरुण या काळात कमावत नाहीत. उलट गावाकडून आलेल्या पैशावर जगतात. मागील पिढीच्या माणसाने याच वयात संसार उभा केलेला असे.

शेतीचा घटता आधार :

महाराष्ट्रात शेतजमिनीचे सरासरी वहितीक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.३४ हेक्टर झाले. पिढीगणिक वाटण्या होत गेल्या व जमिनीचा तुकडा लहान होत गेला. पहिल्या पिढीतील शेतकरी कुटुंब एका मुलास शिकवून दुसऱ्यास शेतीवर ठेवू शकत असे. आज तेवढ्या जमिनीवर एकाही कुटुंबाचा निर्वाह होणे अनेक कोरडवाहू भागांत अवघड आहे. परिणामी, शेती हा नोकरी न मिळाल्यास परतण्याचा हक्काचा आधार राहिलेला नाही.

याचे सामाजिक पडसादही उमटतात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. त्यांचा मुख्य रोख मुलींच्या घटत्या प्रमाणाकडे होता; तथापि अल्पभूधारक व बेरोजगार तरुणास स्थळ मिळत नाही, हे वास्तवही त्यामागे होते.

जोखमीचे स्थलांतर :

वरील विवेचनातून एक सूत्र पुढे येते. मागील पिढीत उत्पन्न कमी होते. परंतु जो संघटित क्षेत्रात प्रवेश करी, त्याच्या शिक्षणाची, आजारपणाची व म्हातारपणाची जोखीम मोठ्या प्रमाणात शासन किंवा मालक उचलत असे. आज उत्पन्न वाढले आहे, परंतु हीच जोखीम तरुणावर व त्याच्या आई-वडिलांवर येऊन पडली आहे. त्याची उदाहरणे पुढीलप्रमाणे देता येतील.

अ) शिक्षण : १९५९ पासून आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या पाल्यांना मिळणाऱ्या फी-सवलतीमुळे, म्हणजे ईबीसी सवलतीमुळे, पहिल्या पिढीतील असंख्य मुले महाविद्यालयापर्यंत पोहोचली. १९८३ मध्ये राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्यामुळे जागा वाढल्या, त्याचबरोबर खर्चाचा भार पालकांवर आला.

ब) नोकरीचे स्वरूप : पूर्वी डी.एड. झालेला तरुण थेट वेतनश्रेणीत नियुक्त होत असे. २००० साली शिक्षणसेवक योजना आली व पहिली तीन वर्षे मानधनाची झाली. प्राथमिक शिक्षणसेवकाचे ६,००० रुपये मानधन २०२३ मध्ये १६,००० रुपये झाले, ही स्वागतार्ह बाब होय. उच्च शिक्षणात मात्र नेट-सेट, एम.फिल., पीएच.डी. पात्रताधारक मोठ्या संख्येने तासिका तत्त्वावर काम करतात. त्यांना घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळते. सुट्टीच्या महिन्यांत उत्पन्न नसते आणि पुढील सत्रात नियुक्ती होईल याची शाश्वती नसते. खासगी क्षेत्रातही वेगळे चित्र नाही. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार बिगरशेती क्षेत्रातील नियमित पगारदारांपैकी सुमारे ५८ टक्के लोकांकडे नोकरीचा लेखी करार नव्हता.

क) निवारा : १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे चाळीतील भाडेकरूस अल्प भाड्यात दीर्घकाळचे संरक्षण मिळाले. आज शहरात आलेला तरुण अकरा महिन्यांच्या करारावर राहतो आणि मुदत संपताच वाढीव भाडे किंवा नवी खोली यांपैकी एकाची निवड करतो.

ड) वार्धक्य : १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांनी केलेला संप याच प्रश्नावर होता.

आकडे वाचताना घ्यावयाची दक्षता :

१५ ते २९ वयोगटातील बेरोजगारीचे प्रमाण २०१७-१८ मध्ये १७.८ टक्के होते, ते २०२३-२४ मध्ये १०.२ टक्के झाले. ही घट महत्त्वाची आहे. तथापि त्याच काळात एकूण श्रमिकांतील घरच्या उद्योगात विनावेतन मदत करणाऱ्यांचा वाटा सुमारे १४ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेला. वडिलांच्या दुकानात बसणारा पदवीधर या गणनेत बेरोजगार ठरत नाही. परंतु त्याला स्वतःचे उत्पन्नही नसते.

शासकीय प्रयत्न :

२०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत संपूर्ण शुल्कमाफी दिली. त्याच वर्षीच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णास ६,०००, आयटीआय व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये मासिक विद्यावेतन निश्चित झाले. यांपैकी पहिला निर्णय शिक्षणाची जोखीम पुन्हा शासनाकडे घेतो, म्हणून तो अधिक मूलगामी होय. दुसऱ्या योजनेत प्रशिक्षण संपल्यानंतरच्या नोकरीची हमी नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत ॲपवर आधारित कामे करणाऱ्या श्रमिकांची प्रथमच कायदेशीर दखल घेण्यात आली आहे. तिची अंमलबजावणी कशी होते, यावर तिचे यश अवलंबून राहील.

निष्कर्ष :

१) राहणीमानाच्या निकषावर आजचा तरुण मागील पिढ्यांपेक्षा सुस्थितीत आहे, त्यास सरसकट दरिद्री म्हणणे योग्य नाही.
२) मालमत्तेच्या, विशेषतः शेतजमिनीच्या व शहरातील निवाऱ्याच्या निकषावर त्याची स्थिती कमकुवत झाली आहे.
३) सुरक्षिततेचा निकष सर्वांत निर्णायक आहे. मागील पिढीत सुरक्षितता थोड्यांना व भेदभावाने मिळाली. आज संधी अधिकांना खुली आहे, परंतु तिच्यातील जोखीम ज्याची त्याला वाहावी लागते.
४) म्हणून जुन्या काळाचे पुनरुज्जीवन हा उपाय ठरत नाही. रिक्त पदांची नियमित व वेळापत्रकानुसार भरती, नोकरीचा लेखी करार, तासिका तत्त्वावरील अध्यापकांना वर्षभराचे वेतन आणि परवडणारे भाड्याचे निवास या उपायांनी ही जोखीम समाजात वाटून घेता येईल.

आजोबांनी सोसलेली टंचाई आणि नातवाला ग्रासणारी अनिश्चितता ही दोन वेगवेगळ्या प्रकारची दुःखे आहेत. त्यांपैकी एक दूर करण्यासाठी महाराष्ट्राने रोजगार हमीसारखा कायदा केला होता. दुसऱ्या दुःखावर तेवढ्याच गांभीर्याने सार्वजनिक उपाय शोधणे, ही आजची गरज होय.