झाकण्यापूर्वीची परीक्षा : नळकाम आणि फरशी

नव्या घरात पाऊल टाकताच नजरेत भरते ती फरशी. नळकामाचा मात्र तोटीपलीकडचा भाग कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. ही दोन्ही कामे वेगवेगळ्या कारागिरांच्या हातची असली तरी त्यांचे दोष एकमेकांत गुंतलेले असतात. नळाचा सैल सांधा फरशीच्या पोटात लपतो आणि फरशीचा चुकलेला उतार खालच्या मजल्याच्या छतावर ओल होऊन उमटतो. दोष ध्यानात येईपर्यंत कारागीर निघून गेलेले असतात. मग लहानशा गळतीसाठी चांगली फरशी फोडावी लागते. म्हणून या कामांची खरी परीक्षा ती झाकली जाण्यापूर्वीच व्हावयास हवी.

ही जाण प्राचीन आहे. सिंधमधील मोहेंजोदडो येथे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी बांधलेल्या न्हाणीघरांची जमीन भाजक्या विटा घट्ट बसवून केलेली होती आणि तिला गटाराच्या दिशेने उतार दिलेला होता. रस्त्यालगतच्या गटारांवर विटांची वा दगडांची आच्छादने असत. ती काढून गटारे साफ करता येत. जे झाकावयाचे ते पुन्हा उघडता आले पाहिजे, हे त्या कारागिरांना उमगले होते.

आजच्या बांधकामात प्रथम नळ टाकले जातात, त्यानंतर गिलावा होतो आणि शेवटी फरशी बसते. पुढे गळती सुरू झाली की गवंडी नळकारागिराकडे बोट दाखवितो आणि नळकारागीर गवंड्याच्या छिन्नीकडे. घरमालकापाशी मात्र कोणताच पुरावा नसतो. एकाचे काम दुसऱ्याच्या स्वाधीन होताना, दोघांच्या समक्ष चाचणी घेतल्यास हा वाद मुळातच टळतो. अशा चाचणीने घरमालकाचे रक्षण होते, तसेच प्रामाणिक कारागिराचेही होते.

पाणीपुरवठ्याच्या नळांची चाचणी दाबाने घेतात. सर्व तोंडे बुचांनी बंद करून, आतील हवा निघून जाईल अशा बेताने नळ पाण्याने भरावेत. त्यानंतर हातपंपाने दाब वाढवून दाबमापकावरील काटा पाहावा. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम भरतो. यावरून गच्चीवरील टाकीच्या पाण्याचा नळांवर किती दाब येईल, याचा अंदाज बांधता येतो. चाचणीचा दाब नेहमीच्या दाबाच्या निदान दीडपट ठेवण्याची रीत आहे. काटा उतरू लागला तर प्रत्येक सांधा कोरड्या फडक्याने पुसून ओल शोधावी. प्लास्टिकच्या नळांचे सांधे चिकटद्रव्याने जोडलेले असतात. ते पुरते वाळण्याआधी त्यांवर दाब देऊ नये.

सांडपाण्याच्या नळांत दाबापेक्षा उताराला महत्त्व असते. चार इंची नळास चाळीस फुटांत एक फूट व सहा इंची नळास साठ फुटांत एक फूट उतार द्यावा, असा जुना ठोकताळा आहे. उतार अपुरा पडला तर मळ साचतो. न्हाणीघराच्या जमिनीलाही साठास एक या प्रमाणात उतार दिल्यास दोन मीटर अंतरात सुमारे तीन सेंटिमीटरांचा फरक पडतो. तो नुसत्या डोळ्यांनी ठरविता येत नाही. त्यासाठी पाणसळच लावावी लागते. फरशी बसविण्यापूर्वी जलरोधक थर पुरता सुकू द्यावा, निचऱ्याचे तोंड बंद करून जमिनीवर पाणी साठवावे आणि दोन दिवस खालच्या छताचे निरीक्षण करावे. खाली ओल दिसली तर त्या वेळी दुरुस्तीचा खर्च अल्प असतो.

फरशीच्या कामात सामग्री बदलली, पण हाताची सवय बदलली नाही, यातून पुष्कळ दोष उद्भवतात. साध्या सिरॅमिक फरशा पाणी शोषून घेतात. त्या भिजवून सिमेंटच्या मालावर बसविल्या की धरतात. व्हिट्रिफाइड फरशी मात्र आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तिच्या गुळगुळीत पाठीला नुसती सिमेंटची राळ नीट धरत नाही. तिच्यासाठी योग्य चिकटद्रव्य सपाट पृष्ठावर सर्वत्र पसरावे लागते. केवळ मधोमध गोळा ठेवून दाबलेल्या फरशीचे कोपरे पोकळ राहतात आणि जड वस्तू पडताच तडकतात. बसविलेली फरशी लाकडी दांडक्याने हलकेच ठोकून पाहावी. भरीव आणि पोकळ आवाजांतील भेद अननुभवी कानालाही कळतो. पोकळ फरशीवर खडूने खूण करून, सांधे भरण्यापूर्वीच ती बदलून घ्यावी.

कायद्याचा आधार सर्वांना सारखा नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ अन्वये, ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील अथवा कारागिरीतील दोष निदर्शनास आणल्यास, प्रवर्तकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे. ही तरतूद प्रवर्तकाकडून घर घेणाऱ्यांसाठी आहे. स्वतःच्या जमिनीवर मिस्त्रीकरवी घर बांधून घेणाऱ्याची भिस्त मुख्यतः लेखी करारावरच असते. त्या करारात चाचण्यांचे टप्पे नमूद करावेत, प्रत्येक टप्प्याचे पैसे चाचणीनंतरच द्यावेत आणि काही रक्कम एका पावसाळ्यापर्यंत राखून ठेवावी. ही अट काम सुरू होण्यापूर्वी उभयपक्षी मान्य झालेली असावी. काम संपल्यावर अकस्मात पैसे अडविणे हे कारागिरावर अन्यायाचे होईल.

अखेरीस, गिलावा होण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे छायाचित्र घ्यावे आणि नळ कोपऱ्यापासून व जमिनीपासून किती अंतरावर आहे, हे कागदावर नोंदवावे. पुढे दहा वर्षांनी भिंतीत खिळा ठोकावयाचा झाला किंवा गळणारा सांधा शोधावयाचा झाला, तर तो कागद हाती असणाऱ्याला एकच फरशी उचलावी लागेल. तो नसणाऱ्यावर सारी खोली उखडण्याची पाळी येईल.