चार महिन्यांचा नेम, जन्माची शिदोरी

आषाढ शुद्ध एकादशीस टाळमृदंगांचा घोष चंद्रभागेच्या वाळवंटी जाऊन पोहोचतो, आणि त्याच दिवशी घरोघरी एक निराळी, निःशब्द वारी सुरू होते. भगवान श्रीविष्णू या तिथीस शेषशय्येवर योगनिद्रेत जातात आणि कार्तिक शुद्ध एकादशीस जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. देव निद्रिस्त असता भक्ताने अधिक जागरूक राहावयाचे, हा चातुर्मासाचा संकेत होय. म्हणूनच या दिवशी देवघरासमोर बसून, हातावर पाणी घेऊन काही ना काही नेम धरण्याची चाल आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे.

कोणी एकभुक्त राहतो, कोणी धारणेपारणे करतो, कोणी मौनाने जेवतो. कोणी तुळशीला रोज ठरावीक प्रदक्षिणा घालते, कोणी लक्ष वातींचा संकल्प सोडते. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये वर्ज्य करण्याचे व्रतही अनेक घराण्यांत पाळले जाते. वरवर पाहता या साऱ्या खाण्यापिण्याच्या आणि पूजेअर्चेच्या गोष्टी वाटतात. परंतु जरा खोलात शिरून पाहिले म्हणजे ध्यानी येते, की मनुष्याला स्वतःला घडविण्याची एक शहाणी रीत आपल्या पूर्वजांनी या नेमांत गुंफून ठेवली आहे.

नेमाची रचना

पहिली गोष्ट, नेम लहान असतो. ‘मी आजपासून सद्गुणी होईन’ असा संकल्प चातुर्मासात कोणी सोडीत नाही. ‘संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावीन’ असा सोडतो. पहिला संकल्प कधी पुरा झाला हे कळणेच अशक्य. दुसरा आज झाला की नाही, हे शेजारचे पोरही सांगू शकेल. दुसरी गोष्ट, नेमाला वेळेची खुंटी असते. स्नानानंतर, जेवणापूर्वी, दिवेलागणीला अशा आधीच घडणाऱ्या कृतीला तो बांधलेला असतो, त्यामुळे तो मुद्दाम आठवावा लागत नाही. तिसरी गोष्ट, त्याला मुदत असते. जन्मभराचे ओझे मन झुगारून देते. चार महिन्यांचे ते हसत उचलते. आणि चौथी गोष्ट म्हणजे उद्यापन. आरंभ देवाच्या साक्षीने होतो, तशी समाप्तीही देवाच्या आणि आप्तेष्टांच्या साक्षीने होते.

या रचनेस आधुनिक संशोधनाचाही दुजोरा मिळतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या प्रसंगाशी जोडलेली एक साधी नवी सवय लावून घेण्यास सांगितले आणि १२ आठवडे त्यांची नोंद ठेवली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार सवय अंगवळणी पडण्यास मध्यममानाने ६६ दिवस लागतात. परंतु माणसा-माणसांत, कृती-कृतींत फरक इतका, की हा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत असू शकतो. चातुर्मास सामान्यतः ११८ दिवसांच्या आसपास असतो; २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे तो पाच महिन्यांचा झाला होता. साधी सवय मुरण्यास एवढा अवधी बहुधा पुरेसा आहे.

प्रपंचातही नेम

नेम केवळ देवघरापुरता आहे, असे मात्र संतांनी कधी मानले नाही. श्रीसमर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात मनुष्याची दिनचर्याच सांगितली आहे. पहाटे उठावे, मागील पाठाची उजळणी करून पुढील पाठ करावा, वायफळ बडबड टाळावी आणि मग आपला प्रपंचाचा उद्योग नेटका करावा, असा तिचा आशय आहे. एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी तर त्यांनी अक्षर कसे काढावे, ओळींत अंतर कसे राखावे, हेही सविस्तर शिकविले. ज्यांना सुवाच्य अक्षरही परमार्थाच्या ग्रंथात सांगण्याजोगे वाटले, त्यांच्या लेखी कचेरीतील काम आणि देवाचे काम यांत भिंत नव्हती.

अलीकडचे उदाहरण धुळ्याच्या तुरुंगाचे आहे. १९३२ साली तेथे बंदिवासात असताना आचार्य विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली आणि त्यांतून ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ सिद्ध झाला. बोलणाऱ्याचा एक नेम, लिहिणाऱ्याचा दुसरा. कालावधी जवळजवळ चातुर्मासाएवढाच!

आपणही आपल्या शक्तीनुसार हिशेब मांडून पाहावा. दासबोधात दोनशे समास आहेत. रोज दोन वाचले तर शंभर दिवसांत ग्रंथ पुरा होतो. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांहून किंचित अधिक. रोज ऐंशी वाचल्या तर कार्तिकी एकादशीपूर्वी पारायण होते. व्यवहारातही तेच. दुकानदाराने त्या दिवसाची खतावणी त्याच रात्री पुरी करावी. नोकरदाराने उठण्यापूर्वी उद्याच्या पहिल्या कामाचा कागद टेबलावर काढून ठेवावा. शिक्षकाने रोज एका मागे पडलेल्या मुलाची वही स्वतः तपासावी. आणि घरातील सर्वांनी जेवताना मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. मौनभोजन कठीण वाटत असेल त्याने निदान एवढे करावे.

दोन सावधगिऱ्या

नेम धरताना दोन गोष्टींचे भान अवश्य हवे. आपल्या नेमाचा भार दुसऱ्याच्या शिरी पडू नये. कर्त्या पुरुषाने उपवास धरावा आणि त्याच्या फराळासाठी गृहिणीने दोनदा चूल पेटवावी, यात पुण्याची वाटणी नीट होत नाही. उपवास करणाऱ्याने साबुदाणा स्वतः भिजवावा आणि आपले ताट स्वतः उचलावे. तोही नेमाचाच भाग समजावा. दुसरे असे, की नेमाचा ताठा येऊ नये. आपल्या कहाण्यांत वसा देताना, तो घेणाऱ्याने उन्मत्त होऊ नये, हे आधी बजावले जाते. जो नेम पाळताना शेजाऱ्याच्या ताटाकडे पाहून नाक मुरडतो, त्याने वांगे सोडले खरे, पण अहंकार मात्र वाढून घेतला.

आणि नेम मोडला तर? आजार येतो, प्रवास घडतो, घरात सुतक येते. अशक्ताचे व्रत पुत्राने वा पत्नीने प्रतिनिधी म्हणून पुढे चालवावे, इतकी मोकळीक धर्मशास्त्रानेही दिली आहे. वर सांगितलेल्या संशोधनातही एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात विशेष बाधा आली नाही, असेच आढळले. घात होतो तो एका दिवसाच्या खंडाने नव्हे, तर ‘मोडलाच आहे, आता राहू दे’ या विचाराने. दुसऱ्या दिवशी वात पुन्हा लावावी, एवढेच त्याचे प्रायश्चित्त.

कार्तिकी एकादशीस देव जागे होतील. सोडलेले पदार्थ दान देऊन पुन्हा पानात येतील, नेमाचे उद्यापन होईल. परंतु ज्याने नेम मनापासून पाळला, त्याला त्या दिवशी एक नवल जाणवेल. मुदत संपली तरी पहाटे जाग येते, हात आपसूक पोथीकडे जातो, दिवसाचा हिशेब लिहिल्यावाचून डोळा लागत नाही. असे झाले, तर चातुर्मास सुफळ संपूर्ण झाला, असे खुशाल समजावे.