जस्त-निकेल विलेपन
उच्च बलाच्या पोलादाचे गंजण्यापासून रक्षण करण्यासाठी विद्युत् विलेपनाने दिलेला मिश्रधातूचा थर. यात निकेलाचे प्रमाण सामान्यतः १२ ते १५% असते. पोलादाआधी हा थर स्वतः गंजतो. मात्र शुद्ध जस्तापेक्षा पुष्कळ मंद गतीने. विषारी कॅडमियमाऐवजी विमानांचे भाग व बोल्ट यांवर तो देतात. विलेपनात वस्तू हीच ऋणाग्र असल्याने तिच्यावर मुक्त होणारा काही हायड्रोजन पोलादात शिरतो. त्यामुळे सु. १,००० मेगॅपास्कलपेक्षा अधिक ताणबल असलेले पोलाद ठिसूळ होऊन भाराखाली अकस्मात तुटू शकते. म्हणून विलेपनानंतर सामान्यतः ४ तासांच्या आत वस्तू सु. १९०° ते २२०° से. तापमानाला कित्येक तास तापवितात. ही क्रिया वगळल्यास गंजाची खूणही नसलेला बोल्ट तुटण्याचा धोका राहतो.