द्राक्षमद्याची पारख

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागांत बोर्दो हें जुनें व्यापारी शहर आहे. तेथून उत्तरेस जीराँद खाडीच्या डाव्या तीरानें जाऊं लागलें कीं मेदॉक प्रदेश लागतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस द्राक्षवेलींच्या सरळ ओळी आणि मधून मधून बागाइतदारांचे वाडे असें तेथील दृश्य आहे. या वाड्यांना 'शातो' म्हणतात. मार्गो गांवचा 'शातो मार्गो' हा त्यांतला अग्रगण्य. दुतर्फा झाडीची लांब वाट आणि तिच्या शेवटीं उंच खांबांची पांढरी वास्तु. लुई कोंब या वास्तुविशारदानें ती १९ व्या शतकाच्या आरंभीं उभारली. अशा ठिकाणीं मद्याची चव पाहावयास आलेला पाहुणा पेला हातीं येण्यापूर्वींच अर्धा जिंकलेला असतो. पारख करणारास खरें भय येथेंच आहे.

या वैभवाचें मूळ मात्र खडीच्या जमिनींत आहे. आपल्याकडील शेतकरी अशा रानास हलकें म्हणेल. पण तेथें पाणी ठरत नाहीं, मुळ्या खोल जातात, फळ थोडें येतें आणि त्याचा रस दाट होतो. 'काबेर्ने सोव्हिन्यों' हें मुख्य वाण. त्यास 'मेर्लो' इत्यादि वाणांची जोड देतात. आंबवलेला रस २२५ लिटरांच्या ओक लांकडाच्या पिंपांत दीड ते दोन वर्षें मुरतो. त्यांतील गाळ खालीं बसावा म्हणून अंड्यांतील पांढरा बलक घालण्याची तेथें जुनी चाल आहे.

आतां प्रत्यक्ष चव घेण्याची रीत पाहूं. पेला एक तृतीयांशच भरतात. तो पांढऱ्या कापडावर तिरका धरून प्रथम रंग पाहावयाचा. कोवळ्या तांबड्या मद्यांत जांभळी झांक असते. वय वाढेल तसा तो विटकरी होतो. नंतर पेला गोल फिरवून वास घ्यावयाचा. मग लहानसा घोट तोंडांत घोळवावयाचा आणि जवळ ठेवलेल्या भांड्यांत थुंकून टाकावयाचा. हें ऐकून पुष्कळांस हंसूं येईल. परंतु दिवसांत वीस-तीस नमुने पारखणाराचें डोकें ठिकाणावर राहावयाचें तर दुसरा मार्ग नाहीं. चव घेणें आणि पिणें या दोन अगदीं भिन्न क्रिया आहेत.

जिभेला गोड, आंबट, कडू अशा थोड्याच चवी कळतात. बाकीचें काम नाकाचें. पडसें आलें असतां उत्तम आमटीही बेचव लागते, ती याच कारणानें. तुरटपणा ही तर स्पर्शाचीच जाणीव होय. द्राक्षाच्या साली व बिया यांतील टॅनिन लाळेशीं संयोग पावतें आणि हिरडा चघळल्याप्रमाणें तोंड कोरडें पडतें. हा तुरटपणा वर्षानुवर्षें निवळत जातो, म्हणून उत्तम मद्य साठवून ठेवितात.

इतकी रीतसर परीक्षा असूनही मन फसतें. बोर्दो येथील संशोधकांनीं २००१ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरें मद्य बिनवासाच्या रंगानें तांबडें करून दिलें. त्यांनीं त्याच्या वासाचें वर्णन तांबड्या मद्यास शोभणाऱ्या शब्दांनीं केलें! डोळ्यानें नाकास आपली साक्ष पढविली होती.

प्रतिष्ठाही अशीच पढविते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठीं बोर्दोच्या दलालांनीं बाजारभाव पाहून शातोंची प्रतवारी लाविली. मार्गो, लाफीत, लातूर आणि ओ-ब्रियों हे चार पहिल्या वर्गांत आले. पुढें १९७३ सालीं मूतों रॉथशिल्ड यास तो मान मिळाला. त्यानंतर तीनच वर्षांनीं, २४ मे १९७६ रोजीं, पॅरिस येथें स्टीव्हन स्पुरिअर या इंग्रज व्यापाऱ्यानें नांवें झांकून परीक्षा घेतली. परीक्षक फ्रेंच आणि नामांकित होते. तांबड्या मद्यांत मूतों व ओ-ब्रियों असतांही पहिला क्रमांक कॅलिफोर्नियांतील स्टॅग्ज लीप यास गेला. पांढऱ्यांतही तेथलेंच शातो माँतेलेना पहिलें आलें. नांवें उघड असतीं तर हा निकाल लागता काय?

यावरून जुन्या बागांची कीर्ति खोटी ठरत नाहीं. त्याच परीक्षेंत मूतों दुसरें आलें होतें. ठरतें तें इतकेंच कीं, वाडा, नांव आणि किंमत यांची साक्ष जिभेच्या साक्षीबरोबर नकळत मिसळते. म्हणून जाणता पारखी दोन पेल्यांची तुलना करण्यापूर्वीं बाटल्यांवर कापड घालावयास सांगतो, आणि शेजाऱ्याचें मत ऐकण्याआधीं आपलें मत कागदावर लिहून ठेवितो.