एकाला तंद्री, दुसऱ्याला जांभई

पणजीत मांडवीच्या काठी, जुन्या सचिवालयाच्या इमारतीलगत एक पुतळा उभा आहे. झगा घातलेला एक धर्मगुरू दोन्ही हात पुढे करून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री मागे कलंडली आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभारण्यात आला. तो आहे आबे फारिया यांचा. १७५६ मध्ये बार्देशातील कांदोळी येथे जन्मलेल्या आणि वयाच्या पंधराव्या वर्षी वडिलांसोबत युरोपात गेलेल्या या गोमंतकीयाने संमोहनाच्या इतिहासाला नवे वळण दिले. अलेक्झांडर ड्युमाच्या ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ या कादंबरीमुळे त्यांचे नाव जगभर पोहोचले; परंतु त्यांचे खरे काम त्या कादंबरीत नाही.

फारियांच्या आधी व्हिएन्नाच्या फ्रान्झ मेस्मरने असा सिद्धान्त मांडला होता, की उपचारकाच्या शरीरातून एक चुंबकीय प्रवाह निघतो आणि तो रुग्णाला भारून टाकतो. १७८४ मध्ये फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने हा दावा फेटाळला. बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए हे त्या समितीचे सदस्य होते. फारियांनी पुढचे पाऊल टाकले. १८१३ पासून पॅरिसमध्ये प्रयोग करताना त्यांनी सांगितले, की शक्ती उपचारकात नसतेच. जे घडते ते समोरच्या व्यक्तीच्या मनात घडते. ते व्यक्तीला खुर्चीत स्वस्थ बसवीत, डोळे मिटायला सांगत आणि मग ठाम स्वरात ‘झोपा’ अशी आज्ञा देत. काही जण तत्काळ तंद्रीत जात, तर काही जण तसेच बसून राहत. अशा वेळी फारिया पद्धत बदलीत. ते हाताकडे एकटक पाहायला सांगत किंवा कपाळाला हलका स्पर्श करीत. तरीही काहींवर परिणाम होत नसे.

एकाच आज्ञेने एक जण तंद्रीत जातो आणि दुसऱ्याला केवळ जांभई येते, असे का व्हावे? दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमधील त्या दालनात उभा राहिलेला हा प्रश्न आज वेदना, भीती, निद्रानाश किंवा पोटाचे जुने दुखणे घेऊन संमोहनतज्ज्ञाकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण पहिल्या प्रयत्नात ‘काहीच झाले नाही’ म्हणून निराश होणारे जसे आहेत, तसेच ‘कोणावरही शंभर टक्के गुण’ अशा जाहिरातींना भुलून पैसे आणि वेळ घालविणारेही आहेत.

ही झोप नव्हे

संमोहन या शब्दाभोवती गैरसमजांचे दाट धुके आहे. रंगमंचावरील प्रयोगांत प्रेक्षकांतून आलेला तरुण कांदा सफरचंद समजून खातो, तेव्हा त्याची इच्छाशक्ती कोणीतरी काढून घेतल्याचा भास होतो. प्रत्यक्षात संमोहित व्यक्ती झोपलेली नसते. तिच्या मेंदूच्या विद्युत आलेखात झोपेची लक्षणे दिसत नाहीत. ती बोलू शकते, नकार देऊ शकते, मध्येच उठूनही जाऊ शकते. एका विषयावर एकवटलेले लक्ष, भोवतालाचे मंदावलेले भान आणि सूचनेला प्रतिसाद देण्याची वाढलेली तयारी, असे या अवस्थेचे साधे वर्णन करता येईल.

या अवस्थेची तोंडओळख बहुतेकांना असतेच. रंगलेली कादंबरी हातात असताना कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे ध्यानात न येणे, कीर्तनात बुवांच्या आख्यानाबरोबर डोळे पाणावणे किंवा विचारांच्या नादात आपला बसथांबा मागे टाकणे हे सारे तिचेच दूरचे नातलग होत.

मोजता येणारी क्षमता

संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता मोजण्याचे पद्धतशीर काम अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात झाले. अर्नेस्ट हिल्गार्ड आणि आंद्रे वाइत्झेनहॉफर यांनी १९५९ मध्ये यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पुढे १९६२ मध्ये तिची अधिक कठीण आवृत्ती आली. या चाचण्यांत बारा सूचना दिल्या जातात. पसरलेला हात जड होऊन खाली येत आहे, ही त्यांपैकी सोपी सूचना. अंगाभोवती डास गुणगुणतो आहे असे जाणविणे त्याहून कठीण, तर नाकासमोर धरलेल्या अमोनियाचा वास न येणे फारच कठीण. किती सूचनांना प्रतिसाद मिळाला, त्यावरून गुण ठरतात.

अशा चाचण्यांतून साधारण एकसारखेच चित्र पुढे आले आहे. ढोबळमानाने दहा ते पंधरा टक्के लोक अतिशय उत्तम प्रतिसाद देतात, जवळपास तेवढेच लोक जेमतेम प्रतिसाद देतात आणि उरलेले बहुसंख्य मधल्या पायऱ्यांवर असतात. विशेष म्हणजे ही क्षमता सहजासहजी बदलत नाही. स्टॅनफर्डमध्ये विद्यार्थिदशेत चाचणी दिलेल्या ५० जणांची पंचवीस वर्षांनी पुन्हा चाचणी घेण्यात आली, तेव्हा त्यांचे आधीचे व नंतरचे गुण बरेचसे जुळणारे आढळले. हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. वयाचा मात्र परिणाम होतो. साधारण आठ ते बारा या वयातील मुले संमोहनाला सर्वाधिक अनुकूल असतात आणि प्रौढपणी ही क्षमता थोडी उतरते.

भोळेपणाशी संबंध नाही

‘दुबळ्या मनाचे लोक लवकर संमोहित होतात’ हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. बुद्धिमत्ता, भोळेपणा किंवा इच्छाशक्तीचा अभाव यांवरून संमोहनक्षमतेचा अंदाज बांधता येत नाही. स्वभावाच्या नेहमीच्या चाचण्यांशीही तिचा संबंध क्षीणच आढळतो.

त्यातल्या त्यात एक धागा हाती लागतो तो तल्लीनतेचा. जोसेफिन हिल्गार्ड यांनी विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. वाचन, नाट्य, संगीत वा निसर्ग यांत लहानपणापासून बुडून जाण्याची सवय असलेली माणसे संमोहनाला अधिक सहजतेने प्रतिसाद देतात, असा निष्कर्ष त्यांनी १९७० च्या ग्रंथात मांडला. तथापि हा संबंधही अतूट नाही. पुस्तकात हरवून जाणारा प्रत्येक वाचक उत्तम संमोहित होईलच, असे सांगता येत नाही.

पद्धती अनेक, माणसे अनेक

संमोहनात नेण्याच्या क्रियेला अनेक वाटा आहेत. सर्वांत परिचित वाट आहे ती दृष्टी स्थिर करण्याची. मँचेस्टर येथील शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी १८४१ मध्ये मेस्मरपंथी प्रयोग पाहिले आणि स्वतः पडताळणी करून त्यांनी एका चकचकीत वस्तूवर नजर रोखण्याची पद्धत रूढ केली. वस्तू डोळ्यांच्या किंचित वर धरली, की पापण्या थकतात आणि लक्ष एका बिंदूवर येते. ज्यांना करण्यासाठी काहीतरी नेमके काम हवे असते, त्यांना ही पद्धत सोयीची वाटते. डोळ्यांचे विकार असलेल्यांना ती अर्थातच त्रासदायक ठरू शकते.

दुसरी वाट क्रमाक्रमाने अंग सैल सोडण्याची. पायांच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेका अवयवाकडे लक्ष नेत तो शिथिल केला जातो. चिंता आणि अंगातील ताण यांनी ग्रासलेल्या व्यक्तींना हा मार्ग मानवतो, कारण संमोहन खोल झाले नाही तरी विश्रांती पदरात पडतेच. मात्र अंग सैल सोडताच ‘आपला ताबा सुटतो आहे’ या भीतीने ज्यांची धडधड वाढते, त्यांच्या बाबतीत हीच पद्धत उलटू शकते.

अशांसाठी डोळे उघडे ठेवून, शरीर हालत असतानाच संमोहनात जाण्याचा मार्ग आहे. हंगेरीच्या मानसशास्त्रज्ञ एवा बान्याई यांनी हिल्गार्ड यांच्यासमवेत १९७६ मध्ये याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका जागी स्थिर असलेल्या सायकलवर पायडल मारणाऱ्यांना विश्रांतीऐवजी उत्साहाच्या आणि सतर्कतेच्या सूचना देण्यात आल्या. सूचनांना मिळालेला प्रतिसाद नेहमीच्या शांत संमोहनाइतकाच होता. संमोहन म्हणजे शिथिलता नव्हे, हे या प्रयोगाने दाखवून दिले. स्वस्थ बसणेच ज्यांना जड जाते, त्यांना ही वाट जवळची वाटू शकते.

तिसरा भेद आहे भाषेचा. फारियांप्रमाणे थेट आज्ञा देणे ही एक रीत. त्याउलट अमेरिकेचे मनोविकारतज्ज्ञ मिल्टन एरिक्सन (१९०१–१९८०) यांनी आडवळणाची शैली विकसित केली. वयाच्या सतराव्या वर्षी पोलिओने अंथरुणाला खिळलेल्या एरिक्सन यांना माणसांचे बारीक निरीक्षण करण्याची सवय लागली होती. ‘तुमचा हात वर जाईल’ असे न म्हणता ‘उजवा हात आधी हलका वाटेल की डावा, हे तुम्हालाच पाहायचे आहे’ अशा धाटणीची सूचना, एखादी गोष्ट, एखादे रूपक यांचा त्यांनी वापर केला. हुकूम ऐकताच मनात विरोध उभा राहणाऱ्यांना ही शैली अनुकूल मानली जाते. नेमके काय करायचे ते सांगा, असा आग्रह धरणाऱ्यांना मात्र ती संदिग्ध वाटते.

मुलांची तऱ्हा आणखी वेगळी. डोळे मिटून स्वस्थ पडण्याची त्यांच्याकडून अपेक्षाच करू नये. आवडता खेळ, मनातल्या मनात पाहिलेला दूरदर्शनचा कार्यक्रम किंवा रचलेली गोष्ट यांतून ती चटकन कल्पनेत शिरतात. इंजेक्शन किंवा जखमेची मलमपट्टी अशा प्रसंगी याचा उपयोग करून घेतला जातो.

साचेबंद विभागणीची मर्यादा

अमेरिकेचे मनोविकारतज्ज्ञ हर्बर्ट स्पीगल यांनी माणसांचे तीन गट कल्पिले होते : तर्काला प्राधान्य देणारे, भावनेने चालणारे आणि या दोहोंमध्ये हेलकावे घेणारे. त्यांना त्यांनी ग्रीक पुराणांतील नावे दिली. डोळे वर फिरवून पापण्या मिटताना बुबुळाखालचा पांढरा भाग किती दिसतो, यावरून संमोहनक्षमता ओळखता येते, असेही त्यांचे म्हणणे होते. वर्गीकरण आकर्षक असले, तरी डोळ्यांच्या या खुणेला इतर संशोधकांच्या चाचण्यांत सातत्याने पाठबळ मिळालेले नाही.

‘प्रत्येक स्वभावाला एक नेमकी पद्धत’ हे सूत्रही असेच जपून घ्यावे लागते. थेट आणि अप्रत्यक्ष सूचनांची तुलना करणाऱ्या प्रयोगांत सरासरीने मोठा फरक दिसून आलेला नाही. व्यक्तीची मूळ क्षमता, तिची अपेक्षा आणि उपचारकावरील विश्वास यांचे वजन पद्धतीपेक्षा अधिक भरते. मग पद्धत निवडण्याला अर्थ काय? अर्थ आहे तो एवढाच, की चुकीची पद्धत असलेल्या क्षमतेच्या आड येऊ शकते. भीती वाटणाऱ्याला सक्तीने शिथिल करणे किंवा संशयी माणसावर हुकूम सोडणे म्हणजे दार उघडण्याआधीच कडी लावणे होय. योग्य पद्धत क्षमता निर्माण करीत नाही, ती अडथळा दूर करते.

उपयोग कोठे, सावधगिरी कोठे

संमोहनाचा भारताशी असलेला आणखी एक दुवा वेदनेचा आहे. १८४५ मध्ये बंगालमधील हुगळी येथे स्कॉटिश शल्यचिकित्सक जेम्स एस्डेल यांनी मेस्मरच्या पद्धतीने रुग्णांना तंद्रीत नेऊन शस्त्रक्रिया केल्या. त्यांचे स्थानिक साहाय्यक तासन्‌तास रुग्णांच्या अंगावरून हात फिरवीत. पुढे ईथर आणि क्लोरोफॉर्म आले आणि हा प्रयोग मागे पडला.

आज संमोहनाकडे भुलीचा पर्याय म्हणून नव्हे, तर पूरक उपचार म्हणून पाहिले जाते. वेदनेची तीव्रता आणि शस्त्रक्रियेपूर्वीची चिंता कमी करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. मँचेस्टरचे डॉ. पीटर व्हॉरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये आतड्याच्या ‘आयबीएस’ या चिवट तक्रारीवर संमोहनाचा लाभ होत असल्याचे दाखवून दिले. बारा महिने औषधे घेऊनही गुण न आलेल्या अशा रुग्णांसाठी या उपचाराचा विचार करावा, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेने २००८ मध्ये सुचविले. मध्यम क्षमतेच्या व्यक्तींनाही अशा उपचारांचा फायदा मिळू शकतो. खोल तंद्री ही अट नाही.

काही ठिकाणी मात्र थांबणे श्रेयस्कर. भ्रम वा भास होणाऱ्या तीव्र मनोविकारांत मनोविकारतज्ज्ञाच्या देखरेखीविना संमोहन धोक्याचे ठरू शकते. विस्मृतीत गेलेल्या घटना उकरून काढण्यासाठी त्याचा वापर तर विशेष जोखमीचा. संमोहनात आठवलेले सारे खरे असतेच असे नाही. उलट न घडलेल्या गोष्टीही खऱ्या वाटू लागतात आणि त्यांविषयीची खात्री वाढते. ‘मागील जन्म’ दाखविण्याच्या दाव्यांकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

उपचारासाठी जाणाऱ्याने काही प्रश्न आवर्जून विचारावेत. समोरची व्यक्ती मुळात डॉक्टर किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे काय? संमोहन न करता ती हा आजार हाताळू शकली असती काय? एक पद्धत लागू पडली नाही, तर दुसरी योजण्याची तिची तयारी आहे काय? चालू औषधे बंद करण्यास ती सांगते काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर तेथून परत फिरावे. मधुमेह, रक्तदाब किंवा अपस्मार यांच्या गोळ्यांना संमोहन हा पर्याय नाही.

आणि सारे करूनही तंद्री लागली नाही, तर त्यात उणेपणा कसलाच नाही. गळा गोड नसणे हा जसा दोष नव्हे, तसेच हे. अशांसाठी समुपदेशन, वर्तनोपचार, औषधे असे इतर मार्ग खुले असतात. शक्ती उपचारकाच्या हातात नसून समोरच्या माणसात असते, हे कांदोळीच्या त्या धर्मगुरूने सांगून ठेवले आहे. त्याचाच दुसरा अर्थ असा, की प्रत्येक माणूस निराळा आहे, हे मान्य करूनच उपचाराला सुरुवात करावी लागते.